कॉलेजच्या लाईनीत केलेली सही

त्या गरमीत बॉर्डरवर लढाई चालू होती आणि मी आणि माझी मैत्रीण आमच्या शहरातल्या मुरार भागात, कॉलेजात फॉर्म भरायला उभ्या होतो. दोघींना नुकतंच विसावं लागलेलं. तिला दोन वर्षं घरच्यांनी कॉलेजात पाठवलं नव्हतं, आणि मी तर दहावीनंतरच शाळा सोडलेली, लग्न झाल्यावर बारावी घरी बसून कशीतरी काढली. घरी, थाटीपुरला, सासूबाईंजवळ माझं सात महिन्यांचं बाळ. वरून सारखी फौजेची विमानं जायची, इतकी खालून की छाती धडधडायची, आणि मला वाटायचं बाळ जागं झालं असेल, दूध मागत असेल.

लाईनीत एक रजिस्टर फिरत आलं. वर सगळं इंग्रजीत. पुढच्या मुलीने सही केली म्हणून मीही केली, फोन नंबरही लिहिला. मैत्रिणीने वाचलं आणि हसायलाच लागली.

"अगं ए, ही तर सिव्हिल डिफेन्सची लिस्ट आहे! झालीस तू फौजेत भरती!"

"खरंच?"

"मग काय! फोन आला की सीधा बॉर्डर. तिथे बसून पोळ्या लाट."

तेवढ्यात खिडकीवर आमचा नंबर लागला आणि बोलणं तिथंच राहिलं. माझ्या डोक्यात मात्र ते बसलं.

घरी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आमच्या ह्यांनी कॉलेजच बंद केलं असतं. फोन वाजला की दुसऱ्या कुणी उचलायच्या आत मी धावायचे. मी गेले तर बाळ काय पिणार? ते तर बाटलीला तोंडही लावत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी कडुनिंबाचा पाला वाटला आणि छातीला लावला. बाळाने तोंड लावलं, थुंकलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मग रडलं. मीही रडले.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, इतक्या लवकर दूध का तोडतेस?"

मी म्हटलं, "कॉलेज चालू होईल ना."

तिसऱ्या दिवशी त्याने बाटली धरली. बरं वाटलं, आणि मेल्यासारखं पण वाटलं.

तेव्हाच मैत्रीण आली. वाटीतला हिरवा लगदा बघून म्हणाली, "हे काय?" मी सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तिचं तोंडच उतरलं.

"वेडे, मी मजाक करत होते! सायरन वाजला तर लोकांना कुठे न्यायचं, पट्टी कशी बांधायची, ते शिकवणार आहेत. इथेच, कॉलेजात. सही तर मी पण केलीये."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला काय माहीत तू खरं मानशील!"

मी धावत नळावर गेले, साबणाने घासलं, परत घासलं. बाळाला मांडीवर घेतलं तर ते तोंड फिरवायला लागलं. मैत्रीण समोर बसून, कान धरून, बाळालाच म्हणत होती, "सॉरी राजा, मावशी पागल आहे."

वरून विमान गेलं. बाळ दचकलं, माझ्या कुशीत घुसलं, तोंड लावलं, पण ओढेना. नुसतं हुंगत राहिलं. आम्ही दोघी श्वास रोखून बसलो. मग एकदा गिळल्याचा आवाज आला. तरी त्याचा एक डोळा माझ्या तोंडाकडे, उघडाच.