तेवीस जणांचे एक मुकेराव

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या कारकुनाला सगळे मुकेराव म्हणत. माणूस मुका नव्हता. बोलणं बाधतं म्हणून पथ्य पाळल्यासारखा वागायचा, एवढंच. 'हो'ला मान, 'नाही'ला मान आणि 'बघतो'ला चष्मा. चष्मा काढून पुसला, की समोरच्यानं समजायचं, काम होईल, पण आज नाही. बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेल्याला सहा वर्षं झाली आणि घरात उरलेल्या बापलेकीत 'मीठ दे' हे दिवसातलं सर्वांत लांब भाषण ठरलं.

अशा माणसाला विद्यापीठानं बोलण्याच्या कामावर नेमलं.

झालं असं, की विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या मंडळानं नवा निकष काढला: ज्याच्या ऑनलाइन चर्चामंचावर जास्त गजबज, ते विद्यापीठ जास्त नामांकित. कोण काय बोलतं ते बघायचं नाही, किती बोलतात ते मोजायचं. इथल्या मंचावर तेव्हा सर्वांत ताजी नोंद होती, 'माझी निळी पाण्याची बाटली कुणाला सापडली का?' तीही चार महिन्यांपूर्वीची, आणि बाटली अजून सापडलेली नव्हती. क्रमांक घसरत एकशे बारावर आला, तेव्हा कुलसचिवांनी मुकेरावांना केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही बाहेर काही बोलणार नाही, याची मला खात्री आहे. उद्यापासून तुम्ही विद्यार्थी."

"मी?"

"एकच नव्हे हो! चांगले वीस-पंचवीस व्हा. रोज तीन वाजेपर्यंत दोनशे नोंदी पडल्या पाहिजेत."

मुकेरावांनी चष्मा पुसला. मग एक कोरी हजेरीवही घेतली आणि तेवीस पोरापोरींना जन्म दिला. प्रत्येकाला टोपणनाव आणि त्यापुढे तीन रकाने: स्वभाव, तक्रार, शेवटचं कधी बोलले. 'उशीरखान' पूर्णविराम देत नसे. 'गणितग्रस्त' बारा महिने नापास होण्याच्या बेतात असे. ग्रंथालयातल्या पंख्यावरून या दोघांचं इतकं पेटलं, की मुकेराव स्वतःच दोन दिवस उशीरखानावर फुगून बसले. आणि एक होती 'खिडकीजवळची'. शेवटच्या वर्षाची, शहाणी, नव्या पोरांना धीर देणारी. तिच्या तोंडून मुकेराव असे बोलत, की बायकोनं ऐकलं असतं तर विचारलं असतं, "अहो, हे इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतं?"

वर्षभरात क्रमांक सत्तरवर आला. गर्दी बघून गर्दी होते, तशी खरी मुलंही येऊ लागली. त्यांतलीच एक 'पिवळी छत्री', शाळा संपवून निकालाची वाट बघणारी. ती रोज खिडकीजवळचीला लिही. एका मंगळवारी तिनं लिहिलं: 'माझे बाबा जेवताना शब्दकोडं सोडवतात. शेवटचा शब्द अडला की मला विचारतात. मी सांगते, ते लिहितात आणि मग हळूच खोडतात. आई गेल्यापासून आमचं एवढंच बोलणं. मी त्यांना आवडत नाही बहुतेक.'

मुकेरावांनी टेबलाचा खण उघडला. आत जेवणाचा डबा, डब्याखाली कालचं कोडं आणि कोड्यात शेवटच्या शब्दावर मारलेली काट.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लेक सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती. त्यांनी लिहिलं, 'आवडतेस गं. काही माणसांना शब्द येतात, वाक्यं येत नाहीत.' पुढचे दोन महिने खिडकीजवळची आणि पिवळी छत्री दिवसभर गप्पा मारत आणि संध्याकाळी घरी एकमेकांना मीठ देत.

निकाल लागला. शुक्रवारी जेवताना लेक म्हणाली, "बाबा, मी तुमच्याच विद्यापीठाचा अर्ज भरतेय. उद्या पाचला मुदत संपते."

मुकेरावांचा घास हातात राहिला. आपल्या प्रयोगशाळेत नळाला पाणी नाही आणि तीन विषयांना शिक्षक नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? "नदीपलीकडचं चांगलं आहे. तुला मिळतंय."

"तिथे शुकशुकाट आहे हो. त्यांच्या मंचावर कुत्रं फिरकत नाही."

"अभ्यास करत असतील."

"करू देत. तुमच्याकडे माझी मैत्रीण आहे."

मुकेरावांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि हयातीतलं सर्वांत लांब वाक्य बोलले. "ते सगळं खोटं आहे, तिथे बोलणारं कुणी नाही, मीच लिहितो."

लेक खो खो हसली. "तुम्ही? बाबा, तुम्हाला दुकानदाराला साबण मागता येत नाही!" कोड्यातला आडवा सतरावा शब्द सांगून ती उठली. मुकेरावांनी तो लिहिला आणि सवयीनं खोडला.

शनिवारी सकाळी मंचावर सगळ्यांना दिसेल असा तिचा प्रश्न होता: 'खिडकीजवळची, माझे बाबा म्हणतात तुम्ही सगळे खोटे, तेच लिहितात. तू तरी खरी आहेस ना?'

'आहे' म्हणावं, तर लेकीची चार वर्षं कोरड्या नळाखाली. 'नाही' म्हणावं, तर तिची एकुलती एक मैत्रीण आपल्याच हातानं मारायची. तीन वाजून गेले. दोनशेपैकी एकही नोंद पडली नव्हती. मग त्यांनी लिहिलं: 'कालचा आडवा सतरावा शब्द तू सांगितलास तोच होता. मी खोडायला नको होता.'

उत्तर आलं नाही. घरी गेल्यावर टेबलावर नदीपलीकडच्या अर्जाची पोच दिसली आणि लेकीच्या खोलीचं दार बंद दिसलं.

"मी तिला आईबद्दल सांगितलं होतं," ती आतून म्हणाली. "तुम्हाला नाही. तिला."

मुकेराव दाराशी उभे राहिले. खिडकीजवळची असती तर काहीतरी बोलली असती.

मंचावर मात्र त्या एका प्रश्नाखाली आग लागली. आजी-माजी विद्यार्थी, शेजारच्या विद्यापीठातले, सगळे येऊन तोंडसुख घेऊन गेले. आठवड्यात नऊ हजार नोंदी. त्यापुढच्या सोमवारी कुलसचिवांचं बोलावणं आलं, तेव्हा मुकेराव टेबलाचा खण रिकामा करूनच गेले. साहेब उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला. मंडळाकडे शिव्यांसाठी वेगळा रकाना नव्हता. क्रमांक थेट एकोणीसवर आला होता.

"पुढच्या वर्षी पुन्हा असं काही जमेल का हो?"

मुकेरावांनी चष्मा पुसला नाही.

लेक आता वसतिगृहात असते. मुकेराव दर आठवड्याला एक कोडं सोडवतात, शेवटचा शब्द रिकामा ठेवतात आणि पाकिटात घालून तिच्या पत्त्यावर पाठवतात. अकरा पाकिटं गेली. उत्तर एकाचंही नाही.

लेक बापावर गेली आहे.