अण्णांचा एक, आमचा दोन

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोरच्या खोलीत तांदूळ निवडत होते. फोनवर पुतण्या होता. "काकी, अण्णा गेलं..." मी "व्हय" म्हटलं, मोबाईल ठेवला आणि राहिलेले तांदूळ निवडून घेतले. रडू आलं नाही. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. किकवीच्या शोकसभेत जो उठला तो त्यांच्या शिस्तीचं कौतुक करून बसला. कारखान्यात नंबरांची पद्धत अण्णांनी आणली, असंही कुणी म्हणालं. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून हे घरी बसून लिहिते आहे.

पद्धत त्यांनी आणली हे खरं आहे. दोघा भावांनी किकवीला पत्र्याच्या शेडमध्ये लेथ टाकली, तेव्हा भाताच्या गिरणीला लागणाऱ्या पिना आणि बुश बनत. मी पॅकिंग करायचे. नावं आम्हीच ठेवलेली... लांडी पिन, टोपीची पिन, पासली गावच्या गिरणीची म्हणून पासलीची पिन. लांबून मागणी यायला लागली तशी ही नावं पुरेनात, कारण प्रत्येक गावाची लांडी वेगळी. नंबर हवेच होते. आमच्या ह्यांचं म्हणणं साधं होतं, वस्तू बनेल तसा पुढचा नंबर लावत जावा, बाकी सगळं ड्रॉइंगवर असतंच. अण्णांना असा नंबर मुका वाटला. नंबरानं बोललं पाहिजे, म्हणाले. आणि पहिलाच आकडा काय बोलणार, तर ड्रॉइंग कुणाचं ते. अण्णांचं असेल तर एक, ह्यांचं असेल तर दोन. "जमिनीची वाटणी सातबाऱ्यावर दिसती, मग डोक्याची का दिसू नये?" लोकांना यात न्याय दिसला. हेसुद्धा खूश झाले. लवकरच मांडणीच्या वरच्या फळ्या एकच्या झाल्या आणि दोनच्या खोक्यांसाठी वाकावं लागू लागलं. कामगार 'मालकाचा माल' आणि 'धाकल्याचा माल' म्हणायला लागले.

पासलीची पिन अण्णांची, म्हणून एकची. ती मानेत मोडायची. ह्यांनी मान जाड करून नवी पिन काढली. वस्तू बदलली की नंबर बदलायला हवा, आणि ड्रॉइंग ह्यांचं, म्हणजे पहिला आकडा दोन. तिथं अण्णांचा न्याय संपला. "माझ्या पिनीला दोन लागणार न्हाई," एवढंच बोलले. मग जुनी पिन आणि नवी पिन एकाच नंबरानं एकाच खोक्यात पडल्या. भात भरडायच्या दिवसांत पासलीच्या गिरणीला त्यातल्या जुन्या गेल्या. गिरणी बंद पडली, दारात माणसं पोत्यांवर बसून राहिली. गिरणीवाला किकवीपर्यंत आला आणि मोडके तुकडे टेबलावर टाकून गेला. अण्णांनी सगळ्या कामगारांसमोर ह्यांना विचारलं, "शेवटचा हात कुणाचा लागला हिला?" हे टेबलावरचे तुकडे गोळा करू लागले. "मग हात धू आन् घरी जा."

स्वतःच्या कारखान्यातून माणूस असा निघाला. तेव्हापासून भोरला दुसऱ्याच्या लेथवर उभे राहिले. अण्णांची पायरी आमच्या दाराला कधी लागली नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... मग जित्या माणसाचं त्यानं जे वाईट केलं, ते कुणी बोलायचं?

तेरावं झाल्यावर पुतण्या आमच्याकडे आला. इंजिनियर होऊन तो बापाच्या हाताखाली काम करत होता. काका, आता तुमीच या, नंबर कसं लावायचं ते बी तुमीच ठरवा, म्हणाला. मला वाटलं, ते एक-दोनचं पाप आता पुसलं जाईल. ह्यांनी जाताच पासलीच्या नव्या पिनीला वेगळा, मुका नंबर दिला. पण बाकीचे जुने नंबर पुसू देईनात. गिऱ्हाइकाच्या घरी गेलेला नंबर आपला राहत नाही, बदलला तर पुन्हा कुणाची तरी गिरणी थांबेल, असं म्हणाले. नव्या वस्तूंना तरी एक-दोन लागणार नव्हतं.

काल डबा घेऊन किकवीला गेले. पुतण्या मांडणीसमोर उभा होता. मधली एक फळी त्यानं रिकामी करून, पुसून ठेवली होती. हातात नवा बुश, त्यानं स्वतः ड्रॉइंग काढलेला पहिला. काका, ह्याला तीन लावू का, असं विचारत होता. सरळ पुढचा नंबर लाव, हे म्हणाले. त्यानं बुश हातात फिरवला.

"मग माझा कोणता, ते कळणार कसं?"

बोलणं अण्णांचंच, आवाज तेवढा पोराचा होता.