लोणच्याच्या बरणीतली माती

कतारमध्ये, दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या त्या चार मजली इमारतीत आफताब परकारांना सगळे 'मातीवाले चाचा' म्हणत. सव्वीस वर्षं हा माणूस पहाटे फज्रची नमाज पढून, चहात खारी बुडवून खाऊन कंपनीच्या बसने सनैयाला जात होता. सनैया म्हणजे दोह्याच्या कडेची कारखान्यांची आणि गॅरेजांची वस्ती. तिथे त्यांची माती तपासायची प्रयोगशाळा होती. वेस्ट बेला एखादा टॉवर उभा राहायचा असला, की आधी त्याच्या पायाखालची माती पिशव्यांत भरून परकारांच्या टेबलावर येई. ती ओव्हनमध्ये वाळवायची, चाळायची, तोलायची, आणि जागा किती भार झेलेल त्याचे आकडे लिहून द्यायचे. खाली सही इंजिनिअरची असे. त्याचं त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही. शहर वर वर चढत गेलं आणि आपण सगळ्यांच्या खालचं बघितलंय, एवढ्यावर ते खूश होते.

त्यांची बायको जैतून गावी, दाभोळच्या खाडीकाठी, सुट्टीला गेली असताना तापाने गेली. मुलगी रिफत तिच्या आधीच लग्न होऊन कॅनडाला गेली होती. मग दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये परकार एकटे उरले. एका माणसाची भांडी घासताना आवाजसुद्धा होत नाही. आठवड्याचे कपडे साठवले तरी वॉशिंग मशीन अर्धं रिकामंच राही, म्हणून ते धुतलेली चादर पुन्हा एकदा टाकत. मासळी बाजारातून एक बांगडा आणायला लाज वाटे, म्हणून दोन आणत आणि दुसरा वरच्या मजल्यावरच्या रुकैया मुकादमकडे पोचता करत. रुकैया रत्नागिरीची. ती ताट परत करताना त्यात काही ना काही घालून देई.

दोन हजार चारच्या डिसेंबरात त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती. त्यानंतर कंपनी व्हिसा वाढवणार नव्हती. रिफतने वर्षभर आधीपासून टुमणं लावलं होतं.

"अब्बा, गावी एकटं राहायचं नाही. इथे यायचं. बस्स."

विनिपेगपासून तासाभराच्या अंतरावर, नदीच्या अगदी काठाला जावई काशिफने एक प्लॉट बघितला होता. घराचा नकाशासुद्धा तयार होता. सासऱ्याचे गुडघे दुखतात म्हणून त्यात खालच्या अंगाला एक खोली होती, न्हाणीघर लागून, खिडकी नदीकडे. रिफतने तो नकाशा पोस्टाने पाठवला. परकारांनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज शर्ट काढताना खोली दिसे. नमाजाचा मुसल्ला कुठे पसरायचा, मक्केची दिशा, किबला, कुठल्या भिंतीला येईल, हे त्यांनी पेन्सिलीने त्यावर आखूनही ठेवलं होतं.

काशिफ फोनवर म्हणाला, "घरात मातीवाला माणूस असताना बाहेरच्याला कशाला विचारायचं? माती पाठवतो. तुम्ही हो म्हणालात की आम्ही सही करतो."

ऑगस्टच्या अखेरीस काशिफचा एक सहकारी दोह्यात एक दिवस थांबणार होता. त्याच्याबरोबर सामान आलं. परकार तेव्हा कामावर होते, म्हणून त्याने ते वर रुकैयाकडे ठेवलं. संध्याकाळी तिने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून दिला. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ओली माती होती.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता आणि टेबलावर लुसैलच्या बाजूच्या चाळीस पिशव्या पडल्या होत्या. परकारांनी डब्यातली माती त्याच ओळीत एका ट्रेमध्ये उलटी केली, चिठ्ठीवर 'रिफत' लिहिलं, आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. सव्वीस वर्षांचा हातचा शिरस्ता तो. कतारची माती ओव्हनच्या आधी आणि नंतर सारखीच, पांढरट, चुन्यासारखी. ती वाळण्याआधी कोणी तिच्या तोंडाकडे बघत नाही. त्यांनीही बघितलं नाही.

सकाळी केरळी सुपरवायझर नाक धरून आला. "परकार साब, ओव्हन में क्या पकाया? कोंकणी आदमी, इधर भी मछली!"

"मछली नहीं, कॅनडा है," परकार म्हणाले, आणि सगळे हसले.

ट्रेमध्ये छान तपकिरी, मऊ माती होती. त्यांनी चिमूटभर पाण्यात कालवून बोटांत मळली. भाकरीच्या पिठासारखी सुरेख वळत होती. मधे काळसर पालापाचोळ्याचे धागे. त्यांना आपल्या खाडीकाठची शेतं आठवली, पुराच्या गाळावर तरारलेलं भात आठवलं. पूर ओसरला की लोक ज्या गाळाला सोनं म्हणत, तोच हा गाळ. त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला.

"माती सोन्यासारखी आहे, पोरी. बांधा घर."

पलीकडून नात माहिरा ओरडली, "नाना इज कमिंग!"

काशिफने सही करायला दोन आठवड्यांनंतरचा सोमवार ठरवला.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी, दुपार कलल्यावर, असरच्या सुमारास, रुकैया दारात उभी. हातात घट्ट झाकणाची काचेची बरणी. "आफताबभाई, ह्या तुमच्या लेकीच्या लोणच्यानं माझा अख्खा फ्रीज अडवलाय. डब्याबरोबरच आली होती, मी मेली विसरले. आणि कसलं हो लोणचं हे? तेल नाही, तिखट नाही. कॅनडाला जाऊन पोर लोणचं विसरली की काय?"

परकारांनी बरणी उजेडाकडे धरली. वर चिकटपट्टीवर रिफतच्या अक्षरात लिहिलं होतं: खालची, दीड हात.

"लोणचं नाही, भाभी. माती आहे."

"या अल्ला! माझ्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या शेजारी?"

ती फ्रीज धुवायला वर पळाली. परकारांनी झाकण उघडलं आणि तोंड मागे घेतलं. सडक्या अंड्याचा वास. चमच्याने एक ढेकूळ काढून त्यांनी बशीत मोडलं. आतून माती निळी होती. आकाशासारखी नव्हे, शिळ्या बांगड्याच्या पाठीसारखी, करडी-निळी. त्यात जिथून जिथून गवताची मुळं गेली होती तिथे गंजक्या तारेसारख्या लालसर रेषा.

ते बशीसमोर बसून राहिले. चहा ओतला, तो निवला. आणि त्या अर्ध्या तासात, त्यांच्या डोळ्यांदेखत, मातीचा निळा रंग वरून विरत गेला. कडेला पिवळट झाली, मग तपकिरी.

तेव्हा त्यांना आपण काय केलं ते कळलं. डब्यातली मातीसुद्धा अशीच असणार. ओव्हनने तिचा रंग खाल्ला, वास खाल्ला, आणि आपण उरलेल्या राखेला सोनं म्हणालो.

असल्या मातीवर त्यांनी कधी काम केलं नव्हतं, पण प्रयोगशाळेतल्या जुन्या इंग्रजी पुस्तकात तिच्यावर एक प्रकरण होतं, आणि ते त्यांनी दुपारच्या सुट्ट्यांत कधीतरी वाचलं होतं. थंड मुलखातली पुराच्या मैदानातली माती. नदी दर पुराला तिच्यावर एक पातळ थर घालून जाते. थंडीमुळे पाला धड कुजत नाही, थराथरांत तसाच दबून राहतो. पाणी खाली मुरत नाही, तिथेच साचून बसतं, मातीचा श्वास कोंडतो. श्वास कोंडला की तिच्यातल्या लोखंडाचा तांबडा रंग जातो आणि ती निळी पडते. फक्त मुळांच्या वाटेने थोडी हवा आत येते, तिथे तेवढी गंजते. हिवाळ्यात ही पाण्याने फुगलेली माती गोठते आणि वरचं सगळं उचलते, फरशी असो की भिंत. वसंतात वरची वीतभर वितळते, खालची दगडासारखी गोठलेलीच. मग बर्फाचं पाणी जाणार कुठे? सगळ्यांत आधी ते खालच्या अंगाच्या खोलीत शिरणार.

म्हणजे त्यांच्याच खोलीत.

त्या दिवशी त्यांनी फोन केला नाही. कपाट उघडलं, नकाशा बघितला, बंद केलं. शैतान काही शिंगं लावून येत नाही, समजूतदार माणसासारखा शेजारी येऊन बसतो. तो म्हणाला, तिथे लोक राहतातच की. काशिफ इंजिनिअर आहे, भर घालील, पंप लावील. घर काय एका दिवसात पडतं? आणि पडायचंच असलं तर तुझ्यानंतर पडेल. तोवर नातीच्या हातचं पाणी प्यायला मिळेल.

शुक्रवारी जुम्म्याला इमामसाहेब अरबीत काय बोलले ते निम्मं त्यांच्या डोक्यावरून गेलं. पण दुआसाठी हात वर केले तर ओठांवर 'रिफत, माहिरा' याच्यापुढे काही येईना. स्वतःसाठी काय मागायचं, तेच सुचेना. घरी येऊन त्यांनी दोन रकात जादाची, नफल नमाज पढली आणि चार वाजता फोन लावला. तिकडे सकाळचे आठ.

"रिफत, सही करू नका. माझी चूक झाली."

त्यांनी सगळं सांगितलं, ओव्हनपासून बरणीपर्यंत. पलीकडे टोस्टरचा खटका झाला.

"अब्बा, खरं सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला यायचंच नाहीये ना?"

"काय बोलतेस?"

"पहिल्यांदा अम्मीची बरसी काढलीत. मग लॅबचं मोठं काम निघालं. आता माती. दोन आठवड्यांपूर्वी सोनं होती, आता विष झाली? काशिफला मी काय सांगू?"

परकारांनी टेबलावरच्या बशीकडे बघितलं. कालचं ढेकूळ तिथेच होतं, वाळून तपकिरी, निरागस. लेकीला दाखवायला म्हणून जपावं असं त्यात काही उरलं नव्हतं.

"माझं ऐकू नकोस," ते म्हणाले. "उद्या फावडं घेऊन प्लॉटवर जा. दीड हात खण. ढेकूळ वर आलं की तिथल्या तिथे मोड आणि लगेच बघ. घरी नेऊ नकोस, वाळवू नकोस. आणि तो खड्डा सोडून लगेच निघू नकोस, थोडा वेळ उभी राहा."

"बरं," ती म्हणाली, आणि 'खुदा हाफिज' न म्हणता फोन ठेवला. असं तिने कधी केलं नव्हतं.

शनिवारी परकारांनी तिन्ही वेळचं एकदाच रांधलं आणि एकदाही नीट जेवले नाहीत. रविवारी कामावर जाऊन आले. दार उघडतानाच फोन वाजत होता.

आधी माहिराच होती. "नाना! इट वॉज ब्लू! अँड इट स्टिंक्स!"

"हो का बाळा? हात धुतलेस का?"

"ट्वाइस!"

मग रिफत. "निळीच होती, अब्बा. मी ढेकूळ काशिफच्या हातात दिलं तोवर कड बदललीसुद्धा. आणि खड्ड्यात पाणी भरलं. पाऊस नाही काही नाही. आम्ही बघत उभे होतो आणि खालून पाणी येत होतं."

"कुठवर?"

"माझ्या घोट्याच्या वर. सॉरी, अब्बा. मी काय काय बोलले."

"तू बरोबर बोललीस. चुकीची साक्ष मीच दिली होती. काशिफ कुठाय?"

"नकाशा गुंडाळून ठेवतोय. प्लॉटवाल्याला नाही म्हणून कळवलं. आता दुसरं काही मिळेपर्यंत इथेच. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि दोनच खोल्या. तुमचे गुडघे..."

"तीन मजले म्हणजे मला कयामतच," परकार हसायला गेले.

"पुढच्या वर्षी बघू. नक्की बघू."

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पण डिसेंबर पुढच्या वर्षाच्या आधी येतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिकडे माहिरा नळाखाली बूट धूत होती, त्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत परकारांनी फोन कानाला धरून ठेवला.

आठवड्याभराने कंपनीच्या ऑफिसात त्यांनी परतीच्या तिकिटाचा फॉर्म भरला. 'कुठे' या रकान्यात मुंबई लिहिलं. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "फॅमिली वेट करती होगी?" ते म्हणाले, "जी," आणि पेन परत दिलं.

त्या संध्याकाळी मगरीब झाल्यावर त्यांनी गावी चुलत बहिणीला फोन लावला. हजरा त्यांच्या बंद घराशेजारीच राहत होती, आणि किल्ली तिच्याकडे होती.

"हजरा, डिसेंबरात घर उघडून ठेव. झाडून घे. माजघरात वाळवी लागली असेल तर बघ."

"उघडते की! कायमचं येतोयस? अल्लाचे शुकर! पोरगी, जावई, नात, सगळी येणार ना? गाद्या उन्हात घालायला हव्यात. चार काढू का पाच?"

"एक काढ," परकार म्हणाले.

हजराला वाटलं लाइन खराब आहे. ती पुन्हा मोठ्याने विचारू लागली, किती, किती म्हणालास, आणि त्यांनी तेवढ्याच मोठ्याने, रिकाम्या फ्लॅटभर ऐकू जाईल असं, पुन्हा सांगितलं.