पलीकडच्या गावचे गृहस्थ

माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल-नसेल, तेव्हा आमच्या गावात सरकारी फिरता दवाखाना येऊ लागला. फिरता दवाखाना म्हणजे एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि औषधांची लाकडी पेटी. दर बुधवारी ही मंडळी कुडाळहून जीपने वालावलीपर्यंत यायची आणि तिथून तरीत, म्हणजे होडीत बसून खाडी ओलांडून आमच्या काठाला उतरायची. बसायला जागा कुठे द्यायची यावर गावात बराच खल झाला. देवळात औषधांचा वास नको, असं पुजाऱ्यांचं म्हणणं. शाळेत मुलं. शेवटी माझ्या सासऱ्यांनी आमच्या घराची पुढची पडवी देऊ केली.

सासरे त्याच शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाले म्हणजे शाळेत जायचे थांबले, इतकंच. बाकी घरात, वाटेवर, देवळात त्यांचा वर्ग चालूच असायचा. माझे यजमान कुडाळच्या हायस्कुलात शिकवायचे आणि शनिवारी घरी यायचे. त्यामुळे आठवडाभर त्या वर्गात सासूबाई आणि मी अशा दोनच विद्यार्थिनी. दवाखाना आला आणि मामंजींना पट भरल्यासारखं झालं.

पहिल्याच बुधवारी त्यांनी शाळेतून एक जुनं बाक मागवलं. तापाचे रोगी बाकावर, खोकल्याचे खांबाजवळ, जखमांचे पायरीवर. आल्याबरोबर पाय धुवायचे, नाव पुकारल्याशिवाय उठायचं नाही. मध्ये कोणी बोललं की त्याला ते रांगेच्या शेवटी पाठवायचे. सत्तरी उलटलेल्या एका म्हाताऱ्यालाही त्यांनी असंच पाठवलं. म्हातारा निमूटपणे गेला, कारण त्याची मुलं आणि नातवंडं मामंजींच्याच हाताखालून गेली होती.

डॉक्टर साताऱ्याकडचे होते, तरुण आणि शांत. त्यांना मालवणीतलं अक्षर कळत नव्हतं. खालच्या वाडीतली एक बाई पहिल्यांदा समोर बसली आणि म्हणाली, "डॉक्टरानु, माजां टकलां दुखता." बाईचा अंबाडा नारळाएवढा होता. डॉक्टर त्या अंबाड्याकडे बघत राहिले. टक्कल कुठे आहे, हे त्यांना कळेना. टकलां म्हणजे डोकं, हे मामंजी एका शब्दात सांगू शकले असते. पण ते घसा साफ करून म्हणाले, या भगिनीस मस्तकशूळ आहे. डॉक्टरांना तेही चटकन कळलं नसावं, पण त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून मामंजी दवाखान्याचे दुभाषे झाले.

काही आठवडे असे गेले. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की या गावात पुरुषांना नाना तऱ्हेचे आजार होतात, बायकांना मात्र फक्त मस्तकशूळ होतो. लहान-मोठी, तरणी-म्हातारी, जी बाई येई तिचं डोकं दुखत असे. सगळ्या त्याच पांढऱ्या गोळ्या घेऊन घरी जात.

खरी गोष्ट मला विहिरीवर कळली. ती अंबाड्याची बाई पाण्याला आली होती. तिची चाल बघून मी विचारलं तेव्हा तिनं कळशी खाली ठेवली आणि हळूच सांगितलं. बाळंतपणानंतर वर्ष झालं तरी तिचं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग डॉक्टरांना का सांगितलं नाहीस, असं मी म्हटलं, तर तिनं माझ्याकडे मीच वेडी असल्यासारखं पाहिलं.

"मास्तर मधे बसतत. तेंच्यासमोर ह्यां कसां सांगू?"

मी विचार करत राहिले. माहेरी मालवणात मी सातवी पास झाले होते, पण सासरी परक्या पुरुषाशी पुढे होऊन बोलायची सोय नव्हती. सासूबाईंनाच सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं नाही. डॉक्टर जाताना हात धुवायला मागच्या दारी येतात, एवढंच त्या म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी डॉक्टर हात धुवायला मागे आले तेव्हा त्यांच्या हातावर पाणी घालायला मी होते. मी खाली मान घालून भराभर बोलून टाकलं. डॉक्टरांनी हातात साबण तसाच धरून सगळं ऐकलं. मग केळींच्या आडून ती बाई पुढे आली, तिच्या मागून तिची जाऊ, जावेच्या मागून आणखी कोणी. त्या दिवशी डॉक्टर बराच वेळ हात धूत होते. पुढच्या पडवीत मामंजी पेटीशेजारी बसून कंपाउंडरला सांगत होते की शहरातल्या लोकांच्या स्वच्छतेच्या कल्पना जरा जास्तच असतात.

त्यानंतर डॉक्टर येताना एका नर्सबाईंना घेऊन येऊ लागले आणि त्या आमच्या मागच्या पडवीत बसू लागल्या. अंबाड्याच्या बाईला त्यांनी तपासलं, इंजेक्शनं दिली, आणि भात कापणीच्या वेळी ती शेतात उभी राहिलेली मी पाहिली. पुढची पडवी अर्धी ओस पडली. मामंजींना हे लागलं. मग दोन-तीन दिवसांनी जेवताना त्यांनीच मला समजावून सांगितलं की बायकांची सोय वेगळी असावी असं त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. मी हो म्हटलं. सासूबाईंनी त्यांना आणखी आमटी वाढली.

याच सुमाराला त्या गृहस्थांचा विषय निघाला.

दवाखाना आटोपला होता. मी माजघरात दिवे पुसत होते. पुढे मामंजी डॉक्टरांना सांगत होते की पलीकडच्या गावात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, सुशिक्षित, घरंदाज. त्यांच्या जांघेत एक गाठ येते. डॉक्टरांनी वय विचारलं. साधारण माझ्याच वयाचे, मामंजी म्हणाले. आडवं झालं की गाठ आत जाते का? जाते, पण हल्ली वेळ लागतो. खोकला आला तर? तेव्हा तर हाताने दाबून धरावी लागते. त्या गृहस्थांना काही विचारून यायची गरज मामंजींना एकदाही पडली नाही.

डॉक्टर म्हणाले, हा अंतर्गळ आहे, हर्निया, ऑपरेशनशिवाय इलाज नाही, गृहस्थांना इकडे घेऊन या. मामंजी म्हणाले, ते फार भिडस्त आहेत.

मग दर बुधवारी निघताना डॉक्टर त्या गृहस्थांची चौकशी करू लागले. मामंजीही गंभीरपणे सांगत, आठवडा बरा गेला, किंवा, परवा देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांना त्रास झाला. सासूबाईंना मी काही बोलले नव्हते. पण मामंजींचं धोतर आणि आतला घट्ट पट्टा त्याच धुवायच्या. त्यांना ठाऊक नसेल असं घरात काही नव्हतं. एके दुपारी पानं मांडली होती. मामंजी कमरेवर हात दाबून हळूहळू पाटावर बसले. सासूबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "त्या गृहस्थांक भात वाढू?"

मामंजींनी नुसतं ताट पुढे केलं. मी आत जाऊन तोंडात पदर धरला.

पण ही गंमत पुढे गंमत राहिली नाही. श्रावणातल्या एका बुधवारी सकाळी मामंजी बाक पावसाच्या झडीतून आत ओढायला गेले आणि तिथेच वाकून बसले. चेहरा पांढराफटक पडला, ओकारी झाली. डॉक्टरांची तर नुकतीच काठाला लागली होती. डॉक्टर छत्री टाकून धावत आले, त्यांना माजघरात निजवलं, पायांखाली उशा दिल्या. गाठ अडकली होती. डॉक्टर बोटांनी हळूहळू दाबत राहिले. मी आणि सासूबाई दाराशी उभ्या होतो. बऱ्याच वेळाने मामंजींनी मोठा श्वास सोडला आणि डॉक्टर भिंतीला टेकले.

"आज बुधवार होता म्हणून मी इथं होतो," ते म्हणाले. "हे काल झालं असतं तर?"

मामंजी डोळे मिटून होते. तशातच म्हणाले, "तर त्या गृहस्थांचं कठीण होतं."

"ते गृहस्थ आता डॉक्टरांबरोबर सावंतवाडीक ऑपरेशनाक जातले," सासूबाई म्हणाल्या, "आणि तेंच्यावांगडा मी जातलंय."

त्यांनी स्वतःहून काही ठरवलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. खुर्चीला बांबू बांधून चार माणसांनी मामंजींना काठापर्यंत नेलं. ज्यांना त्यांनी रांगेत गप्प बसवलं होतं, तेच लोक डोक्यावर इरली घेऊन मागून चालत होते. तर सुटेपर्यंत कोणी हललं नाही. मी घरी परतले आणि रिकाम्या माजघरात मला रडू आलं.

ऑपरेशन नीट झालं. गणपतीपर्यंत दोघं घरी आली. मामंजी बारीक झाले होते, काठी घेऊन चालत होते. कोणी विचारलं तर पोटाचा जरा त्रास होता, एवढंच सांगत.

मग एका बुधवारी आमच्या माडांचे नारळ काढणारा पाडेली आला. माडावरून उतरल्यावर तो एक हात जांघेशी धरतो, हे डॉक्टरांनी मागेच पाहिलं होतं. त्यांनी त्याला ऑपरेशनचं सांगितलं. तो नको म्हणाला. कापलेलं माणूस परत उठतं हे त्याला खरं वाटत नव्हतं. डॉक्टरांनी परोपरीनं सांगून पाहिलं, तो फक्त मान हलवत राहिला.

मामंजी जागचे उठले. पाडेल्याचा दंड धरून त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं, ते ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा पाडेली मामंजींकडे नव्या नजरेनं बघत होता. डॉक्टरांना म्हणाला, "खंय जावचां?"

तो गेला आणि धडधाकट परत आला. मग खालच्या वाडीतले दोघं आले, नंतर नेरूरहून कोणी आलं. पुढे पुढे लोक बुधवारची वाटही बघेनात. कधीही माणूस यायचा, पडवीत खाकरायचा, आणि मामंजी त्याला घेऊन आत जायचे. किती जणांनी तो व्रण पाहिला, देवाला ठाऊक. सासूबाई मला म्हणाल्या, ह्येंका कोणीतरी धोतर नेसून बसाक सांगा.

काही वर्षांनी सरकारने गावातच दोन खोल्यांचा दवाखाना बांधला आणि त्याच नर्सबाईंची तिथे नेमणूक झाली. मामंजी पहिल्याच दिवशी काठी टेकत तिथे गेले आणि माणसं कशी बसवावी ते त्यांना सांगू लागले. नर्सबाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना बाहेर बसायला सांगितलं. ते खरोखरच बाहेर जाऊन बसले, इतर पुरुषांबरोबर, दुपार होईपर्यंत. घरी येऊन पाय धुताना मला म्हणाले, बाई कामाची दिसते.