रोजचाच आवाज

दिगूभाऊजी आमच्या घरी कधी बसून चहा प्यायले असतील तर शपथ. कप हातात घेऊन घरभर फिरायचे. फिरता फिरता पडदा सरकव, फुलदाणी टीपॉयवरून उचलून टीव्हीवर ठेव, तिथे नाही शोभली की पुन्हा टीपॉयवर. मी वैतागून म्हणायची, "भाऊजी, हे माझं घर आहे, तुमचा मांडव नाही." त्यावर "वहिनी, आता फ्रेम बघा," म्हणेपर्यंत स्वारी अर्धा चहा खिडकीत ठेवून जिन्यात पोचलेली असे.

भाऊजी ह्यांचे शाळासोबती. नवीन पनवेलला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे आणि जुन्या पनवेलात, लाइन आळीत, त्यांचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. नव्वदच्या आसपास आमचं लग्न त्यांनीच काढलं. तेव्हा मांडवात जो आवाज होईल तो तसाच्या तसा कॅसेटमध्ये शिरायचा. त्यामुळे आमच्या लग्नात भटजींपेक्षा भाऊजीच जास्त ऐकू येतात. "भटजी, थांबा जरा, फोकस गेला." "लाइट वर धर रे, वर. नवरीच्या नाकावर नको." मंगळसूत्र तर त्यांनी ह्यांना दोनदा घालायला लावलं. कॅसेट लावली की पाहुणे पोट धरून हसत आणि भाऊजी असले तर चपला घालून बाहेर पडत. त्या कॅसेटची त्यांना मनापासून लाज वाटायची.

पुढे पाच-सहा वर्षांनी दुकानात कॉम्प्युटर आला आणि मुळातच भिंगरी असलेला माणूस पार सुटला. नवरा-नवरी बदामात, बदाम ढगात, ढगातून वरमाई. पान उलटल्यासारखं चित्र उलटायचं, की लगेच कारंजं. "वहिनी, आता सगळं आपल्या हातात. कंटाळवाणं काही ठेवायचंच नाही." कंटाळवाण्यात पहिला नंबर लागला मांडवातल्या आवाजाचा. तो सगळा काढून ते वर सिनेमातली गाणी चढवू लागले. मूळ कॅसेट पुसायची आणि पुढच्या लग्नाला घेऊन जायची. गिऱ्हाईक खूश होतं, खोटं कशाला बोलू. मलाही पहिल्यांदा बघताना मौज वाटली होती.

करंजाड्याच्या एका हळदीची कॅसेट घ्यायला नवरदेवाची आजी दुकानात आली होती. मी तिथेच होते. म्हातारीने टीव्हीवर सगळं बघितलं, हसली, आणि मग म्हणाली, "भाऊ, चांगला हाय. पन आमी गायलो त्यो आवाज कुटं गेला?"

"आजी, आवाज काय, रोजचाच असतो," भाऊजी म्हणाले. "घरी गेल्यावर गा की."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कोणी काही विचारलं की आवाज काय, रोजचाच असतो. आणि दर दोन आठवड्यांनी आमच्या दारात उभे राहून, "वहिनी, ती कॅसेट द्या. आठ दिवसांत नवीकोरी करून देतो."

मी द्यायची नाही. कारण त्या कॅसेटमध्ये माझे बाबा होते. रिसेप्शनला मी खुर्चीत बसले आहे, बाबा घाम पुसत स्टेजवर येतात, वाकून विचारतात, "जेवलीस का गं?" एवढंच. माझे बाबा काही बोलघेवडे नव्हते. लग्नानंतर वर्षाच्या आत ते गेले आणि त्यांचं ते एक वाक्य माझ्याकडे राहिलं. तेही धड नाही, कारण त्यांचं संपतंय न संपतंय तोच भाऊजींचा आवाज येतो, "काका, बाजूला व्हा, मध्ये येताय." किती वर्षं त्या "मध्ये येताय"चा मला राग होता.

एकदा मी माहेरी गेलेली असताना ह्यांनी भिडेखातर कॅसेट देऊन टाकली. मला संध्याकाळी परतल्यावर कळलं. बॅग दारात टाकली, रिक्षा पकडली आणि सबंध रस्ता रिक्षावाल्यावर डाफरत लाइन आळी गाठली. दुकानात काळोख. लाइट गेले होते आणि भाऊजी मेणबत्तीच्या उजेडात येरझारा घालत होते. माझी कॅसेट मशीनमध्ये अडकलेली.

"पुसलीत?"

"कुठे हो. लावली आणि लाइट गेले. पण वहिनी, तुम्ही एकदा नवीन बघा तर खरं. आवाज काय, रोजचाच—"

"ज्याचा रोजचा नाही त्याचं काय करायचं, भाऊजी?"

त्यांच्या येरझारा थांबल्या. लाइट येईपर्यंत ते स्टुलावर बसून राहिले. त्यांना बसलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं. लाइट आल्यावर मुकाट्याने कॅसेट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पुन्हा मागणार नाही." महिन्याभराने मागितलीच, तो भाग वेगळा.

त्यानंतरच्या लग्नसराईत, उरणला जायच्या तयारीत असताना, बॅटऱ्या भरता भरता दुकानातच त्यांना झटका आला. वय पंचेचाळीससुद्धा नव्हतं. इतका उतावळा माणूस, जातानाही कोणाला थांबवू दिलं नाही. मला आजही त्यांचा राग येतो आणि त्या रागाने रडूही येतं.

सुमनताई, त्यांची बायको, पावसाळा सरता सरता एका दुपारी वर आली. दारातच उभी राहिली, नवऱ्यासारखीच.

"दुकानातल्या सगळ्या कॅसेट लावून बघितल्या," ती म्हणाली. "सगळ्यांत गाणीच आहेत गं. आमच्या लग्नात तर नुसते फोटो. तुमची ती... दिली नव्हतीस ना त्यांना?"

मी कपाट उघडलं.

दोघी सतरंजीवर बसलो. भाऊजींनी भटजींना थांबवलं, लाइटवाल्याला झापलं, सुमनताईने पदर तोंडाला लावला, हसली की रडली कळलं नाही. मग रिसेप्शन आलं. बाबा वाकले. "जेवलीस का गं?" "काका, बाजूला व्हा, मध्ये येताय."

"परत लाव," सुमनताई म्हणाली.

मी मागे नेलं. बाबांनी विचारलं, भाऊजींनी हटकलं. त्यानंतर तिला सांगावं लागलं नाही, मीच मागे नेत राहिले.