स्थानिकापेक्षा सरस नाही

मी ज्या केंद्रात नोकरी करतो त्याचा खरा मालक कोण, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. दिल्लीत परिषद आहे. तिचे अध्यक्ष मंत्री, मग महासंचालक, मग उपमहासंचालक, मग सहायक महासंचालक. त्यांच्याखाली देशभरच्या संस्था, त्यांतल्या एकीकडे ज्वारीचा प्रकल्प, त्या प्रकल्पाची ठिकठिकाणची केंद्रं, आणि या उतरंडीच्या तळाशी, मिरजगावच्या पुढे एका हलक्या रानात, आम्ही तिघं: एक शास्त्रज्ञ, मी कृषी सहायक, आणि रोजंदारीवर पाखरं राखणाऱ्या मावशी. पगाराचा मोठा वाटा दिल्लीचा, उरलेला राज्याचा, उंदीर मात्र सगळे आमचे. जिल्ह्याचं नाव बदललं तरी आमच्या पाटीवर जुनंच आहे, कारण पाटी दिल्लीने रंगवायची की राज्याने, यावर पत्रव्यवहार चालू आहे.

आता या यंत्रणेत नवा वाण कसा पास होतो ते सांगतो, म्हणजे मी काय घोळ घातला ते समजेल. शास्त्रज्ञाने वाण तयार करून प्रकल्पाच्या मुख्यालयाला पाठवायचा. ते त्याचं नाव पुसून त्याला नंबर देतात, इतरांच्या वाणांत मिसळतात आणि पाकिटं सगळ्या केंद्रांना धाडतात. त्यात आमचाच वाण आमच्याकडे परत येतो, पण तो आमचा आहे हे आम्हाला कळता कामा नये. बापाला पोर ओळखायची बंदी! शेजारी आम्ही एक वाफा पदरचा पेरतो, त्याला चेक म्हणतात. पंचक्रोशीतले शेतकरी जी ज्वारी पेरतात ती त्यात असते. नंबरवाल्या वाणाने तीन वर्षं या चेकला ठरल्याइतकं मागे टाकलं, तर तो पास. मग त्याला नाव मिळतं, आणि त्याच्यामागे शास्त्रज्ञाचंही लागतं.

आमच्या सरांनी एका वाणापायी अठरा वर्षं घातली होती. हलक्या जमिनीत, अपुऱ्या ओलीवर येणारा शाळू. त्याच्यासाठी त्यांनी दोनदा बढतीवरची बदली नाकारली. त्यांच्या घरातून म्हणायच्या, "ही सवत अजून ताटातसुद्धा आली नाही." पहिली दोन वर्षं, वार्षिक बैठकीत नंबर उघडले तेव्हा, वाण पुढे होता. तिसरं वर्ष शेवटचं, आणि ते संपल्यावर येत्या जूनअखेर सर निवृत्त होणार होते. एवढं एक वर्ष निभावलं की झालं, असं ते मला दिवसातून दोनदा सांगायचे.

नेमके त्याच वर्षी कोठीत वर्षानुवर्षं जपलेल्या चेकच्या जुन्या बियाण्याला सोंडे लागले. म्हटलं, स्थानिकच हवंय ना, मग स्थानिकाकडूनच आणू. मोटरसायकल काढली, मावशींच्या गावी गेलो आणि त्यांच्या भावाच्या कणगीतून पायलीभर ज्वारी घेतली.

"तुम्ही दरवर्षी हीच पेरता ना?" मी विचारलं.

"समदं गाव हेच पेरतंय, भाऊसाहेब."

मी पिशवीवर ठसठशीत अक्षरात 'स्थानिक' लिहिलं. इतकं नियमात बसणारं काम मी नोकरीत क्वचितच केलं असेल.

कणसं बाहेर पडली तेव्हा मावशी गोफण खांद्यावर टाकून माझ्याकडे आल्या.

"भाऊसाहेब, ह्यो सात नंबरचा वाफा आन् ह्यो चेकचा, दोनी एकच हायेत."

"मावशी, सात नंबर कोण आहे हे सरांनासुद्धा कळायला बंदी आहे!"

"मला न्हाई ना बंदी."

मी तापट माणूस. गोपनीयतेचा भंग म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी हरभऱ्याकडे केली. तिथे हाकायला एकही पाखरू नव्हतं. मावशी दिवसभर बांधावर बसून माझ्याकडे बघत राहायच्या. सर तर नियमाचे इतके पक्के, की सात नंबरपाशी आले की त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे. मग तोंड आपोआप चेककडे व्हायचं, आणि ते म्हणायचे, "आपली गावठी ज्वारी यंदा काय झकास आली आहे रे!"

वार्षिक बैठकीत पडद्यावर निकाल आला. सात नंबर म्हणजे आमचाच वाण. शेरा होता: ज्या जमिनीसाठी शिफारस मागितली, तिथे स्थानिकापेक्षा सरस नाही. सबब वगळावा. चहाच्या सुट्टीत सरांनी मला एकच विचारलं, चेकचं बी कुठून आणलंस. मी सांगितलं. परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी सरळ मावशींच्या गावाकडे घ्यायला लावली.

ही ज्वारी गावात आली कुठून, असं सरांनी विचारलं. मावशींना आमच्या तोंडावरून काही समजेना. "सायेब, तुमीच तर दिल्ती की कणसं. चर्चच्या सणाला."

त्यांच्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला जो तो आपलं पीक आणून वाहतो आणि मग त्याचा लिलाव होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मावशींचं रान जळून गेलं होतं, रिकाम्या हाताने देवापुढे कसं जायचं म्हणून त्या रडत होत्या, तेव्हा सरांनी त्यांना आपल्या या वाणाची पाच कणसं दिली होती. सर ते पार विसरले होते. लिलावात ती भावाने घेतली. इतका टपोरा दाणा खायचा कशाला, म्हणून त्याने पेरला. मग सोयऱ्यांनी नेला, मग मशिदीकडच्या आळीने, मग सगळ्या शिवाराने. म्हणजे दिल्लीच्या साक्षीने आम्ही एकाच ज्वारीची तिच्याशीच शर्यत लावली होती, आणि ती हरली होती.

मी पत्राचा मसुदा केला: चूक माझी, चेकमध्ये आमचाच वाण होता, फेरचाचणी व्हावी. सरांनी तो दोनदा वाचला.

"बी गावात कसं गेलं, हे विचारतील," ते म्हणाले. "मंजुरी नसलेलं बी बाहेर गेलं म्हणजे चौकशी आली. माझं पेन्शन अडकवतील, तुझी बढती थांबवतील. पण पहिलं कोणाला काढतील?"

रोजंदारीच्या बाईला काढायला कागदसुद्धा लागत नाही, उद्या येऊ नका म्हटलं की झालं. सरांनी मसुदा फाडला. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. मावशींना हरभऱ्यात बसवण्याऐवजी त्यांचं ऐकलं असतं, तर तेव्हाच काही करता आलं असतं. शेवटच्या अहवालात सरांनी निमूटपणे लिहिलं की या भागात शेतकऱ्यांनी स्थानिक ज्वारीच पेरावी. जूनअखेर ते निवृत्त झाले.

त्या अहवालाचा दिल्लीत मात्र भलताच बोलबाला झाला. शास्त्रज्ञांच्या वाणाला भारी पडणारी ही गावरान ज्वारी कोणती, हे शोधत पथक आलं, गावभर फिरलं, आणि प्रत्येकाने बोट दाखवलं मावशींच्या घराकडे. पिढ्यानपिढ्या पारंपरिक वाण जपल्याबद्दल त्यांचा सत्कार ठरला. त्यांनी हट्टाने सरांना बोलावलं. मंडपात मी सरांच्या शेजारी बसलो होतो.

स्टेजवर दिल्लीहून आलेल्या साहेबांनी माईकवर विचारलं, हा वाण तुमच्याकडे कधीपासून आहे? मावशींनी शाल सावरली आणि गर्दीत सरांना शोधलं. सरांनी मान हलवून नको म्हटलं.

"लई वर्सं झाली," मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसत खाली बसल्या. साहेबांना वाटलं, पूर्वजांची आठवण आली. त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

चहाच्या वेळी तेच साहेब आमच्यापाशी आले. सरांनी सारी हयात ज्वारीत काढली हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. आपुलकीने त्यांनी विचारलं, "मग तुमचा एखादा वाण आला का शेतकऱ्यांपर्यंत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी माझा हात दाबला.

"नाही," ते म्हणाले. "एकही नाही."