जवळचा नातेवाईक

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी इतिहासाच्या एका मॅडमसाठी मुलाखती घ्यायचे. इंग्रजांच्या जहाजांवर नोकरीला गेलेल्या खलाशांच्या घरी मागे काय झालं, बायकामुलं कशी राहिली, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. तळा तालुक्यातल्या आमच्या गावातून माणगाव, माणगावहून श्रीवर्धन, आणि संध्याकाळी तसंच परत. एसटीत मी बसल्या बसल्या झोपायचे. रेकॉर्डर तेवढा ओढणीत गुंडाळून पोटाशी धरलेला असायचा.

श्रीवर्धनच्या एका मोहल्ल्यात नव्वदीला टेकलेल्या एक आजी होत्या. त्यांचे वडील महायुद्धात जहाजाबरोबर बुडाले, तेव्हा त्या चार-पाच वर्षांच्या. कंपनीचं पत्र मुंबईला गोदीत काम करणाऱ्या चाचांना, म्हणजे वडिलांच्या भावाला आलं. चाचांनी ते घरी कळवलंच नाही. ईदला गावी आले तेव्हा सांगितलं. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची, घरात बसायचं, नटायचं नाही. पण ते दिवस मृत्यूपासून मोजतात. बातमी आली तेव्हा ते संपलेले होते.

"त्या दिवसांत माझी आई लग्नाला जाऊन आली गो," आजी म्हणाल्या. "हातभर बांगड्या घातल्या, हसली. मागनं बायका बोलल्या, हिला काय दुःखच न्हाय. बसायचं तर दिवस कुठं उरलेले? चाचानं खाल्ले ते."

चाचांच्या नातवंडांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. आजी त्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत.

"त्यांची सुपारी आमच्या अंगणात पडली तरी ह्या लाथेनं पलीकडं ढकलतात," सून मला म्हणाली.

"लाथेनं न्हाय. झाडूनं," आजी म्हणाल्या. "उगाच बदनामी करू नको."

तिसऱ्या खेपेला मॅडमनी माझ्याबरोबर आजींच्या वडिलांच्या नोकरीच्या नोंदीची प्रत दिली. ती त्यांना जुन्या सरकारी दप्तरात सापडली होती. आमच्या घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. विजेचं बिल असो, औषधाची बाटली असो, वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून मराठीत सांगायचं, ही लहानपणापासूनची सवय. त्याचा थोडा अभिमानही होता मला. तशीच वाचत गेले. नाव, गाव, उंची, उजव्या भुवईवर व्रण.

"व्हय, व्हय!" आजी हसल्या. "आई सांगायची. झाडावरनं पडलेला."

पुढचा रकाना होता, काही झाल्यास कळवायचा जवळचा नातेवाईक. तिथे चाचांचं नाव होतं. मी थांबायला हवं होतं. पण ते तोंडातून निघून गेलं होतं.

"परत वाच."

मी वाचलं.

"हे कुणी लिवलं? चाचानं?"

"नाही आजी. नोकरीला लागताना तुमच्या वडिलांनीच सांगितलेलं."

मग माझ्या आईचं नाव का न्हाय, त्यांनी विचारलं. मी बाहेर ओट्यावर जाऊन मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, असं पुष्कळांच्या नोंदीत दिसतं. बायकोला वाचता येत नाही, आणि साहेबाच्या कचेरीत तिचं नाव घ्यायला पुरुषांना बरं वाटायचं नाही. "फार महत्त्वाचं आहे हे," मॅडम म्हणाल्या. मी आत येऊन आजींना तेच सांगितलं, जमेल तसं.

"म्हंजे माझ्या आईची लाज वाटली त्याला," आजी म्हणाल्या. "चाचा सुटला न्हाय हां यातनं. कागद त्याच्याकडं आला, पण तोंड होतं ना त्याला? त्याचं लिवा खुशाल. माझ्या बापाचं लिवू नका. लिवणार असाल तर माझं सगळं बोलणं पुसून टाक."

मॅडमना हे कळवलं. त्या रागावल्या नाहीत. मुलाखत काढून टाकू, तो त्यांचा हक्क आहे, म्हणाल्या. पण नोंद दप्तरात आहे, ती कुणीही बघू शकतं. तिला परवानगी लागत नाही. "तू दमलीयस. घरी जा."

दमले होतेच. तरी त्या दिवशी एसटीत झोप आली नाही. मुलाखत काढली तर पुस्तकात वडील राहणार होते, चाचा राहणार होते. आजींची आई कुठल्याच कागदावर नव्हती. ती होती फक्त आजींच्या बोलण्यात.

पुढच्या आठवड्यात जाऊन मी आजींना हे सांगितलं.

"धमकी देतेस काय गो मला?"

"नाही आजी."

"मग काय हाय हे?"

सून तांदूळ निवडायची थांबली होती. शेवटी आजींनीच मुलाखत वापरायच्या संमतीचा कागद मागितला. "पयलं माझ्या आईचं नाव लिव. नुसतं नाव. कुणाची बायको ते लिवू नको."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, आणि वाचून दाखवलं. मग त्यांनी खाली अंगठा उठवला आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या. चहा सुनेने दिला.

मी त्यांना समजावलं की कोंडीत पकडलं, हे अजून मला नीट सांगता येत नाही. माणगावच्या स्टँडवर मॅडमचा फोन आला. आजी स्वखुशीने तयार झाल्या ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.